विमलताईंची कोळीण

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती, कापडाचे रंग बनवणारी. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला काचेची एक छोटी केबिन लागायची आणि त्या केबिनमध्ये टेलिफोनच्या बोर्डासमोर विमलताई सोनावणे बसलेल्या असायच्या. मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा पंच्याऐंशी साल चालू होतं. पहिले काही महिने मी त्यांची पाठच पाहिली. बारीक अंगकाठी, घट्ट वेणी, कानाला हेडफोन आणि बोर्डावर सारखे इकडून तिकडे जाणारे हात. एक वायर उपसायची, दुसरी खुपसायची. "जोडून देते," म्हणायचं. आवाज असा की समोरच्याला वाटावं, ही बाई आत्ताच झोपून उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन बसली आहे. प्रत्यक्षात त्या पहाटे उठून, आईचं सगळं उरकून, बदलापूरहून आलेल्या असत.

कंपनीतल्या सगळ्यांची सुखदुःखं विमलताईंच्या कानातून जायची. कुणाची बायको बाळंत झाली, कुणाचं भावाशी वाजलं, कुठल्या साहेबांना कुठून फोन येतो, सगळं. त्यांच्या तोंडून त्यातलं अक्षरही कधी बाहेर आलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, किती विश्वासू बाई आहे. पुढे ओळख वाढल्यावर एकदा तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "विश्वासू कसली गं नीलू. ऐकू येतं, पण आत जात नाही. जायला जागाच नाही राहिली."

दुपारी डबा खाताना त्या डोळे मिटून खायच्या. दोन घासांच्या मध्ये उजव्या कानावर तळहात दाबून धरायच्या, जसं काही कानात पाणी गेलंय. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. मी तो नियम पाळायचे. म्हणूनच बहुधा त्यांनी मला जवळ येऊ दिलं.

त्यांचं घर हेंद्रेपाड्यात. वडिलांनी बांधलेलं, दोन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे थोडी जागा. वडील गेलेले. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग गेलं. जीभही जड झाली, पाच-सहा शब्द यायचे, तेही ओढून. थोरला भाऊ मधुकर ठाण्याला, चांगल्या नोकरीत. विमलताईंचं लग्न ठरता ठरता आईचं हे दुखणं निघालं, आणि मग ते कुणी पुन्हा ठरवलंच नाही. दिवसा शेजारच्या पवारकाकू अधूनमधून येऊन आईला बघायच्या, पाणी द्यायच्या, कूस बदलायच्या.

कोळी आला तो त्या घराच्या मागच्या बाजूने. तिथे एका बिल्डरने प्लॉट घेतला होता आणि पाया खणायचं काम चाललं होतं. संध्याकाळी विमलताई ऑफिसातून येत होत्या, तर मजूर बायका ओरडत बाजूला झालेल्या आणि मुकादम फावडं उगारून उभा. ढेकळाखालचं बीळ फुटलं होतं आणि त्यातून तळहाताएवढा, काळपट तपकिरी, अंगभर केस असलेला कोळी बाहेर येऊन पुढचे दोन पाय वर करून उभा राहिला होता.

"मी डब्याचं झाकण काढलं आणि वरून डबा पालथा घातला," विमलताईंनी मला सांगितलं होतं. "का घातला ते विचारू नकोस. मला कोळ्यांची आवड नाही. लहानपणी पालीला पण घाबरायचे. पण वाटलं, त्याचं घर आपण फोडायचं आणि वर त्यालाच मारायचं, हे काही खरं नाही."

"मग लांब नेऊन सोडायचा ना."

"तेच ठरवलं होतं. रविवारी सोडू म्हटलं. रविवारी आईचे कपडे निघाले, चादरी निघाल्या. पुढच्या रविवारीही तेच. तोपर्यंत तो बरणीत राहायला लागला."

एका पुरवणीत तसल्या कोळ्याचं चित्र आलं होतं, खाली 'टारंटुला' लिहिलेलं. मी ते कापून विमलताईंना दिलं. त्यांनी बघितलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. नाव मात्र त्यांनी त्याला कधीच ठेवलं नाही. मी सुचवलं तर म्हणाल्या, "नाव ठेवलं की हाक मारावी लागते."

बरणी लहान पडायला लागली तेव्हा आम्ही दोघी उल्हासनगरला माशांची जुनी टाकी आणायला गेलो. कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेटच्या दुकानात भंगारात एक होती, एका कोपऱ्यातून गळणारी. शेट प्रामाणिक. आधीच म्हणाला, "मॅडम, ये लीक है. मच्छी मर जाएगी."

"मच्छी नहीं रखनी," विमलताई म्हणाल्या. "कोळी रखना है."

शेट थांबला. माझ्याकडे बघितलं. "कोली? वो मच्छी बेचनेवाला?"

"वो नहीं. जाळं करता है ना, वो."

"हां, तो जाल डालके मच्छी पकडता है ना! वो ही तो बोल रहा हूं. पूरा आदमी टंकी में कैसे रखेगा, मॅडम?"

मी हसून हसून बाकड्यावर बसले. विमलताईंनी शेवटी हाताची पाचही बोटं काउंटरवर टेकवून त्याला कोळी चालून दाखवला, तसा शेट दोन पावलं मागे सरकला आणि टाकी जवळजवळ फुकटच देऊन टाकली. रिक्षात बसल्यावर विमलताईही हसायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना मी तेव्हाच बघितलं. हसता हसता त्या दमल्या, आणि अंबरनाथ येईपर्यंत मांडीवरच्या टाकीवर डोकं टेकून झोपल्या.

टाकीत माती, मातीत अर्धी करवंटी पालथी, एक पाण्याचं झाकण. वर जाळी आणि जाळीवर वरवंटा, म्हणजे त्याला उचलता येऊ नये. चार-सहा दिवसांनी एक झुरळ. मोरीत झुरळांना तोटा नव्हता. कधी कधी तो महिनाभर काहीच खायचा नाही, करवंटीखाली नुसता बसून राहायचा. विमलताई त्याच्याकडे बघत चहा प्यायच्या. पवारकाकूंनी एकदा विचारलं, "अगो विमल, तुम्ही लोकं जीव मारीत नाय, पंचशील का काय ते, म्हणून ठेवलंस काय ह्याला?"

"रोज झुरळं घालते त्याला. पंचशील कुठलं राहिलं, काकू?"

"मग कशाला गो असला जीव? मांजर पाळायचंस. मांजर निदान पायात तरी येतं."

"तेच नको ना," विमलताई म्हणाल्या. "हा पायात येत नाही, हाक मारत नाही, वाट बघत नाही. मी घरी आले काय, नाही आले काय, ह्याला काही नाही. एवढ्या घरात असं एक तरी कुणी असू दे."

काकूंना ते कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण आईने मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तसं ती मनाला लागलं की करायची.

आईला पहिल्यापासून तो नको होता. खाटेसमोरच्या खिडकीत टाकी ठेवलेली, आणि दिवसभर दुसरं बघायला काही नाही. सुरुवातीला तिने चादर डोक्यावरून घेतली. मग एक डोळा बाहेर काढला. काही महिन्यांनी मी गेले तेव्हा आई टाकीकडे बोट करून म्हणाली, "को-ळीण." विमलताई म्हणाल्या, "ती बाई आहे म्हणे. आई दिवसभर बघते, तिलाच ठाऊक." तेव्हापासून सगळेच 'ती' म्हणायला लागले.

मग एक दिवस कोळीण उलटी पडली. पाठीवर, पाय वर. विमलताई ऑफिसात होत्या. पवारकाकू आल्या, बघितलं आणि त्यांना बरंच वाटलं. "गेली एकदाची," म्हणत त्या केरसुणी आणि सुपली घेऊन आल्या, जाळीवरचा वरवंटा उचलला. आई "नको" म्हणायला गेली असेल, पण शब्द आला नाही. तेव्हा तिने उजव्या हाताने उशाचा स्टीलचा पेला उचलला आणि काकूंना फेकून मारला. तो लागला दंडाला. मग तांब्या. काकू वरवंटा ठेवून ओरडत बाहेर पळाल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या.

संध्याकाळी विमलताई घरी आल्या तर ओट्यावर काकू रुसलेल्या, खोलीभर पाणी, आणि आई खाटेवर अर्ध्या तोंडाने हसते आहे. टाकीत दोन कोळिणी. एक नवी कोरी, मखमलीसारखी काळी, पाय ताठ करून बघणारी, आणि शेजारी तिचीच रिकामी कात, आठही पायांसकट, जशीच्या तशी. आईने ती कात टाकू दिली नाही. पावडरच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून विमलताईंनी ती खिडकीत ठेवली. आई आल्यागेल्याला डब्याकडे बोट दाखवायची. काकूंनाही दाखवली. काकू दंड चोळत म्हणाल्या, "बघितली बाय, बघितली."

त्यानंतरची तीन-चार वर्षं तशीच गेली. सकाळी आईचं, दिवसभर बोर्डाचं, संध्याकाळी पुन्हा आईचं. विमलताईंचे केस कानशिलावर पांढरे झाले. मधुकर दिवाळीला यायचा, अर्धा तास बसायचा. पुढे तेही कमी झालं. आई रविवार आला की ओट्याच्या दाराकडे तोंड करून निजायची. रविवार तिला कसा कळायचा कुणास ठाऊक.

एकदा मधुकर आला तेव्हा मी तिथे होते. तो चपला न काढता दारातच उभा राहिला.

"विमल, तू हे काय लावलंयस? पोरं घाबरतात. तुझी वहिनी म्हणते, तो प्राणी घरात आहे तोवर मी पाऊल टाकणार नाही. आईला भेटावंसं वाटत नाही का आम्हाला?"

मला वाटलं, आता विमलताई त्याला बोलतील. बोलायला हवं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आई पोराकडे टक लावून बघत होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी तिला ऑफिसात नेऊन ठेवते. महिनाभर ठेवते. तू पोरांना घेऊन ये."

सोमवारी त्या रिक्षाने टाकी घेऊन ऑफिसात आल्या. वॉचमनने आणि मी मिळून ती बोर्डाच्या टेबलाखाली सरकवली. वर जाळी, जाळीवर वरवंटा. पुढे टेबलक्लॉथ सोडला. आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. मग मॅनेजरसाहेब कसल्याशा नंबरासाठी स्वतः केबिनमध्ये आले आणि त्यांचं पेन खाली पडलं.

ते उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग आमच्या कंपनीत बनत नसलेला होता. "मिस सोनावणे, हे काय आहे?"

"कोळी आहे, सर."

"चावतो?"

"अजून तरी नाही. सर, तुमची दिल्लीची लाईन मिळालीय. जोडून देऊ?"

साहेब दिल्लीशी बोलायला धावले. नंतर त्यांनी मला बोलावून हळूच विचारलं, "त्यांचं घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, आई आजारी असते. ते म्हणाले, "राहू द्या मग. पण महिन्याच्या वर नको." तसे माणूस म्हणून बरे होते.

पहिल्या रविवारी मधुकर आला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, बोर्डावरच. मी पत्रं टाईप झाली हे सांगायला केबिनमध्ये उभी होते. विमलताई हेडफोनमध्ये ऐकत होत्या, चेहरा नेहमीचा. "हो... हो... पोरांच्या परीक्षा... बरं... पुढच्या रविवारी... बरं." मग फोन ठेवताना त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थँक यू फॉर कॉलिंग." आपण कुणाला काय म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वायर उपसली आणि थोडा वेळ हातात तशीच धरून ठेवली.

घरी आईही चिडलेली. खिडकी रिकामी आणि दारही रिकामं. पवारकाकू म्हणाल्या, "म्हातारी जेवत नाय धड. तुझी ती कोळीण आण बाय परत. मी नाय हात लावायची."

पण महिना द्यायचा असं विमलताईंनी ठरवलं होतं. त्यांनी तो दिला. तिसऱ्या रविवारी कुणी आलं नाही, चौथ्याही नाही.

आणि त्या चौथ्या शनिवार-रविवारात ऑफिसात औषधाची फवारणी झाली. झुरळांसाठी व्हायची ती, अधूनमधून. फवारणीवाल्यांनी टेबलांखाली, कपाटांमागे, सगळीकडे मारलं. त्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी आम्ही आलो तेव्हा वास होता. विमलताईंनी टेबलक्लॉथ वर केला. कोळीण करवंटीबाहेर होती. तिचे पाय थरथरत होते, एक एक करून, जणू कुणी आतून तारा ओढत होतं.

विमलताई खाली फरशीवर बसल्या. वर बोर्डावर दिवे लागत होते, दोन, मग चार. कुणीतरी काचेवर टकटक करत होतं.

"फवारणीवाल्यांना फोन साहेबांनी केला होता," त्या म्हणाल्या. "मीच जोडून दिला होता, नीलू. ऐकला पण होता. सांगितलं ना तुला, आत जात नाही म्हणून."

मी म्हटलं, ताई, तुम्ही घरी जा, मी बघते बोर्ड. त्या म्हणाल्या, "तुला नाही येणार," आणि उठून हेडफोन चढवला. संध्याकाळपर्यंत कुणाची लाईन चुकली नाही.

टाकी घेऊन जाताना मी बरोबर गेले. पायांची थरथर थांबली होती आणि आठही पाय पोटाखाली आवळून, मुठीसारखी होऊन ती पडली होती. हेंद्रेपाड्यात पोचायच्या आधी विमलताईंनी रिक्षा थांबवायला लावली. उतरून रस्त्याकडेच्या मातीत हातानेच खड्डा केला, तिला ठेवलं, माती लोटली. हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "आईला नको सांगू."

घरी आई झोपली होती. विमलताईंनी टाकी खिडकीत ठेवली, पावडरच्या डब्यातली कात दोन बोटांनी अलगद उचलली आणि करवंटीच्या तोंडाशी, पाय नीट टेकवून ठेवली. वर जाळी, जाळीवर वरवंटा. आई जागी झाली. खिडकीकडे बघितलं आणि तिचं अर्धं तोंड हसलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढे कितीतरी आठवडे हे चाललं. विमलताई सकाळी आईला आंघोळ घालताना तिचं तोंड भिंतीकडे असेल तेव्हा कात जरा सरकवायच्या. कधी पाण्याच्या झाकणाजवळ, कधी कोपऱ्यात. दर पाच-सहा दिवसांनी मोरीतलं झुरळ पकडून आणायच्या, आईला दाखवून जाळी उचलायच्या आणि झुरळ पदराआडून बाहेर सोडून द्यायच्या. मला हे त्यांनी डबा खाताना सांगितलं, डोळे मिटून. मी म्हटलं, सांगून टाका हो, किती दिवस करणार? त्या म्हणाल्या, "एक काम जास्त. त्यात काय."

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. आईला भरवून झालं होतं. विमलताई कात सरकवायला टाकीपाशी गेल्या. आई भिंतीकडे तोंड करून होती, पण तिने मान वळवली. विमलताईंचा हात जाळीखाली, बोटांत ती पोकळ कात.

मग आई म्हणाली, "हलत... नाही गं."

"झोपलीय," विमलताई म्हणाल्या.

आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. शब्द जुळवायला तिला वेळ लागायचा. तिने उजवा हात उचलून खाटेवर, आपल्या शेजारी, दोनदा थोपटला.

"तू... पण... झोप."

विमलताईंनी कात खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. चाळिशी उलटलेली ती बाई खाटेच्या त्या चिंचोळ्या कडेला, आईच्या चांगल्या हाताच्या बाजूला, पाय दुमडून आडवी झाली आणि खरंच झोपली. आई जागीच होती. मला तिने डोळ्यांनीच खूण केली, दार लोटून घे. मी भांडी मोरीत ठेवली आणि दार लोटून निघाले.

आई गेली ती त्याच वर्षी, पावसाळा सरताना. मधुकर बायकोमुलांसकट आला. खूप रडला. खोटा नव्हता रडत, हेही मला सांगितलं पाहिजे. मुलं खिडकीतली ती कात बघून घाबरली नाहीत. धाकटीने तर बोट लावून बघितलं आणि तिचा एक पाय मोडला. विमलताई म्हणाल्या, "असू दे."

पुढे हेंद्रेपाड्याची ती जागा बिल्डरला गेली. भावाबहिणींची त्यावरून भांडणं झाली नाहीत. विमलताईंना खरवईला एक छोटा ब्लॉक मिळाला. कंपनीतही बोर्ड गेला आणि त्या जागी आपोआप नंबर लावणारं एक बारकं यंत्र आलं. विमलताईंना डिस्पॅचला बसवलं, मग त्यांनीच नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, की आमच्या कंपनीचा आवाज आज जातो आहे. विमलताईंना बोलायला सांगितलं, तर त्या उठल्या, हात जोडले आणि बसल्या. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. मी शेजारी होते. गहिवर वगैरे काही नव्हता. त्यांना बोलायचं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर भेट व्हायची ती क्वचित. शेवटचं मी त्यांना पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. आमच्या नणंदेला खरवईत जागा बघायची होती, म्हणून बदलापूर स्टेशनाबाहेरून टांगा करून गेलो होतो. नव्या इमारती भराभर उठत होत्या, पाणी मात्र पोचलं नव्हतं. एका इमारतीखाली टँकर आला होता आणि बायकांची झुंबड उडाली होती. बादल्या, हंडे, पिंपं, पाइपावरून ओढाओढ. टांगेवाल्याला पुढे जायला वाट नव्हती, म्हणून आम्ही थांबलो.

विमलताई गर्दीच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. हातात एकच बादली. केस पार पांढरे, वेणीऐवजी साधी गाठ. रांगेतली एक बाई त्यांना ओरडून म्हणाली, "ओ सोनावणेबाई, नंबर तुमचा आहे! या ना!"

"तुम्ही घ्या आधी," त्या म्हणाल्या. आवाज तोच, आत्ताच झोपून उठल्यासारखा. "मला एकटीला किती लागतं?"

"पाणी संपेल हो मग!"

"संपू दे."

त्यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. पाठ भिंतीला टेकली. समोर टँकरपाशी दोघी एकमेकींच्या हंड्यांना ढकलत होत्या, कुणाचं तरी पोर रडत होतं, टांगेवाला वाटेसाठी ओरडत होता. नणंद म्हणाली, ओळखीच्या आहेत का, उतरून बोलायचं का? मी उतरायला पाय खाली टाकला होता. पण विमलताईंनी डोळे मिटले होते. मी पाय परत वर घेतला. वाट मोकळी झाल्यावर टांगेवाल्याला हळू हाक म्हटलं.